चाळिसावा चमचा

१२ एप्रिल

सूनबाई एलनुरा,

समेट करायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. नवरोजच्या दिवशी भर अंगणात, शेजारच्या कानिमच्या दोन्ही सुनांसमोर तू मला ‘कुमुश’ म्हणून नावाने हाक मारलीस. सासूला! तुझे सासरे जाऊन सहा वर्षं झाली, मी आजही त्यांचं नाव ओठांवर आणत नाही. असो. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तीस वर्षं टपालात शिक्के मारले आहेत, पत्र लिहायला मला लाज नाही. असानबेक रोज गाडी घेऊन बिश्केकला येतो, तो तुझ्या शिवणकारखान्याच्या दारात देईल.

लिहितेय ते जिबेकच्या हट्टापायी. “अपा, वहिनीला कळव ना, आपण अंडी उबवायला ठेवली,” असं सकाळपासून चाललंय. आणि हो, तुला ती वहिनी म्हणते यात माझा काय दोष? रीतच आहे आपली. पहिलं नातवंड आजीच्या कुशीचं, ते आजीला अपा, म्हणजे आई, म्हणतं आणि जन्म देणारीला वहिनी. तुझ्या माहेरी काय वेगळं होतं?

तर अंडी. तुझ्या सासऱ्यांनी जुन्या फ्रिजची उबवणी पेटी केली होती, ती कोठारातून ओढून काढली. दोन दिवे, एक थर्मामीटर, तबक कलतं करायला बाहेरून दांडा. पुसली, दिवे बदलले आणि लागली की! गार करायच्या पेटीने ऊब द्यायची म्हणजे माझा आणि त्यांचा संसारच की, असं ते हसत म्हणायचे. कानिमकडून छत्तीस अंडी आणली. जिबेकने प्रत्येकावर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढलाय. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर, संध्याकाळी परत फुली, दुसऱ्या दिवशी उलटं. एक जरी चुकलं तरी ओरडते. कुणावर गेलीय कोण जाणे.

तू मागितलेला तिचा जन्मदाखला सापडत नाहीये. शोधते.

— तुझी सासू

१९ एप्रिल

एलनुरा,

असानबेक म्हणाला, तू पत्र उभ्या उभ्या वाचलंस आणि खिशात घातलंस. मग मला एक खोकं पाठवलंस, त्यात बूट, आणि बुटात चिठ्ठी: ‘इथल्या शाळेची यादी पंधरा मेला बंद होते. दाखला पाठवा.’ बस्स? तारेतसुद्धा याहून जास्त शब्द असायचे.

बूट सुंदर आहेत. गेल्या वर्षीच्या पायाला. मुलगी तुझ्यासाठी थांबून राहिलेली नाही, वाढतेय ती. तिने टाच कोंबायचा प्रयत्न केला, लाल झाली, आणि म्हणाली, “थोडे ओले केले की मोठे होतील.” मग ते उशाशी घेऊन बसली. हे मी टोमणा म्हणून लिहायला घेतलं होतं. लिहून झाल्यावर बरं वाटलं नाही. सोबत एक निळा दोरा आहे, तो तिच्या पायाच्या मापाचा. गाठीपासून गाठीपर्यंत.

आज सातवा दिवस. खिडक्यांवर गोधड्या टाकून खोली अंधारी केली आणि एकेक अंडं बॅटरीसमोर धरलं. सात वांझ निघाली, आत नुसता पिवळा उजेड. कानिमला सांगितलं तर म्हणते, “माझ्या कोंबड्याला नावं ठेवू नकोस, तुझ्या पेटीला ठेव.” बाकीच्यांत लाल दोरे फुटलेत, मधे एक ठिपका. ठिपका हलतो. जिबेकने तोंडावर हात ठेवला. म्हणाली, “अपा, याची आई कानिम आजीच्या घरी आहे, याला माहीत असेल?”

मी म्हटलं, “अंड्याला काय कळतंय. जी ऊब देते ती आई.”

“म्हणजे फ्रिज?”

हसले मी. ती हसली नाही.

माझं मात्र कशात चित्त लागत नाही. तासाला एकदा जाऊन पारा बघते. साडेसदतीस, वर एक-दोन रेघा. एक रेघ उतरली की पेटीवर रजई टाकते, चढली की झाकण किलकिलं करते, मग फार गार झालं असेल म्हणून परत बघते. काल दुधावर साय धरायची राहिली आणि ते उतू गेलं. माझ्या लेकाने, उलानने रविवारी रशियातून फोन केला. शाळेचं विचारलं तर म्हणतो, “ते तुमचं तुम्ही दोघी बघा, मी क्रेनवर आहे.” माणूस क्रेनवर असला की त्याला खालचं काही दिसत नाही वाटतं.

ट्रंक उपसली. दाखला नाही.

— सासू

३० एप्रिल

एलनुरा,

आज अठरावा दिवस. आजपासून अंडी फिरवायची नाहीत, झाकण उघडायचं नाही, फक्त भांड्यात पाणी आहे ना ते काचेतून बघायचं. पिल्लू आत तोंड कुठे करायचं ते ठरवत असतं, त्याला हलवलं तर वाट चुकतं. अठरा दिवस माझ्या हातांना काम होतं. आता हात मांडीवर ठेवते, तर तिथेही राहत नाहीत. सकाळपासून तीनदा भांडी घासली, दुसऱ्यांदा तर स्वच्छच होती.

सत्तावीस तारखेला बर्फ पडला आणि दुपारी वीज गेली. सहा तास! मी बाटल्यांत गरम पाणी भरून तबकाखाली सरकवत होते, चळतीवरच्या चार-पाच रजया पेटीवर टाकल्या. जिबेकने अंगातला कोट काढला आणि फ्रिजला मिठी मारून बसली. “माझी ऊब पण जाते ना आत?” पत्र्यातून काय जाणार! पण मी जाते म्हटलं. सहा तास हलली नाही. त्या वेळात पोरींना गोष्टी लागतात. म्हणाली, “माझ्या चाळिसाव्याची सांग.”

मी सांगितलं. बाळ चाळीस दिवसांचं झालं की बायका जमतात, टोपलीत बाळाला धरतात, लाकडी चमच्याने कोमट पाण्याचे चाळीस चमचे अंगावर ओततात, प्रत्येकीचा आशीर्वाद वेगळा. चाळीस घरांतल्या चिंध्यांचा सदरा घालतात. तुझा सदरा अजून ट्रंकेत आहे, असं म्हटलं. तर कार्टी काय विचारते?

“शेवटचा चमचा आईचा असतो ना? माझा कोणी ओतला?”

मी म्हटलं, “वहिनीने.”

पोर गाल पत्र्याला लावून बसली.

तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. तुझ्या छातीत दूध साकळून गाठी झाल्या होत्या, तापाने फणफणत तू नारिनच्या दवाखान्यात होतीस. तीन दिवस थांबायला काय हरकत होती? नवरोजला तूही हेच विचारत होतीस ना? “माझा चमचा कोणी ओतला?” मी म्हटलं, तोंड सांभाळ. मग तू मला नावाने हाक मारलीस. भांडण आठवताना मी नेहमी तिथूनच सुरुवात करते, नावापासून. त्याच्या आधीचं वाक्य मला सोयीचं नाही.

हे पत्र मी कदाचित फाडेन. नाही, असानबेकचा हॉर्न वाजतोय.

— सासू

४ मे

एलनुरा,

एकवीस! विजेने आठ गिळली, पण एकवीस बाहेर आली. काल पहाटेपासून कवचाच्या आतून आवाज येत होता. जिबेक काचेला कान लावून आतल्यांशी बोलत होती, “या रे, बाहेर बर्फ नाहीये आता.” पहिल्याने भोक पाडलं आणि चार तास नुसता दम खात बसलं. चार तास! मी काय अवस्थेत होते ते कानिमला विचार. म्हणाली, “तुझ्या बाळंतपणात तू एवढी ओरडली नव्हतीस.” एकदा मी झाकणाला हात घातला, तर जिबेकने माझं मनगट धरलं. “अपा, नाही. तूच म्हणालीस.” आपलेच दात, आपलेच ओठ.

आता ती चुलीमागे खोक्यात आहेत, वर दिवा. उकडलेलं अंडं बारीक चिरून देतो, पाण्याच्या बशीत खडे टाकलेत म्हणजे बुडायला नकोत. सगळी तिच्या आवाजामागे धावतात, ती खोक्याच्या या टोकाला बोलली की या टोकाला, त्या टोकाला बोलली की त्या. मी बोलले तर ढुंकून बघत नाहीत.

नवे बूट पोचले. बरोबर बसले. या वेळी चिठ्ठी नव्हती, पण बुटात निळा दोरा परत घातला होतास, त्याच्यापुढे बोटभर लांबी वाढवून दुसरी गाठ मारलेली. वाढत्या पायासाठी, कळलं मला. शिवणारणीचा हात आहे.

अकरा दिवस उरले तुझ्या यादीला. मोजतेय मी. उद्या कोठारात शोधते.

— सासू

९ मे

एलनुरा,

कालचं तुला अर्धं माहीत आहे. तू फोनवर होतीस. उरलेलं अर्धं मी सांगते, कारण मी ते कुणाला तरी सांगितलं नाही तर वेडी होईन.

कानिमच्या दिराचं चाळिसाव्याचं जेवण होतं, मेल्याचं. मी आणि कानिम दोघी सकाळीच गेलो. जिबेकला म्हटलं, दिव्याकडे लक्ष ठेव. दिव्याकडे तिने लक्ष ठेवलं. पण पोरीने हिशेब केला होता: माणसाचं बाळ नऊ महिन्यांनी येतं तर त्याला चाळीस दिवस, पिल्लू तीन आठवड्यांत येतं तर त्याचे चाळीस चार-पाच दिवसांत पुरे होणार. म्हणजे आजच! आणि त्यांचं करायला कोणी नाही. तिने परातीत एकवीसच्या एकवीस ठेवली, भिंतीवरचा तो लाकडी चमचा काढला, पाणी कोपरावर तपासून घेतलं, मी करते तसंच, आणि चाळीस चमचे ओतले. मोजून. प्रत्येकाला आशीर्वाद दिला.

पिल्लाच्या लवेला पाणी लागलं की ते थंडीने काकडून जातं, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. पाण्याची बशी उथळ का ठेवायची ते सांगितलं. आंघोळ घालू नकोस असं कोण कुणाला सांगतं?

मी परत आले तेव्हा फाटक उघडं होतं. दारातून आतला आवाज आला, “अपा! अपा!” असा फाटलेला आवाज. मी “आले गं” म्हणणार, एवढ्यात तुझा आवाज आला. “ऐकतेय राणी, सांग.”

कानिमच्या धाकट्या सुनेचा फोन चटईवर होता. माझ्या फोनवरून तू उचलत नाहीस हे त्या पोरीलाही ठाऊक. आणि जिबेक जमिनीवर उताणी पडलेली, सदऱ्यात पिल्लं कोंबलेली, पोटावर, छातीवर, काखेत. तू सांगत होतीस, “उघड्या अंगाशी धर. जोरात नाही. टॉवेलने दाबून पाणी टिप, चोळू नको. दिवा खाली घे.” ती म्हणत होती, “अपा, हे हलत नाही. अपा, हे पण.” तुला. ती तुला अपा म्हणत होती, आणि जिभेला जराही अडखळत नव्हती. नवा शब्द असा निघत नाही. मनात पुष्कळदा म्हणून झालेला होता तो.

मी दारात उभी राहिले. आत गेले नाही. दोन हात जास्त असते तर दोन पिल्लं वाचली असती कदाचित, आणि मी उंबरठ्यावर उभी राहून मत्सर करत होते. साठ वर्षांची बाई. हे तुला माहीत नव्हतं, ते सांगितलं.

मग तू विचारलंस, “पाणी का घातलंस गं?” आणि तिने सांगितलं. “त्यांची आई नाहीये ना इथे. चाळिसावा चमचा मी तिच्या नावाने ओतला. माझ्या वेळी तू दवाखान्यात होतीस. कानिम आजीने सांगितलं. इथली अपा खोटं बोलली, पण तिला रागावू नको.”

खोक्यात कुठलंतरी एक चिवचिवत होतं.

त्यानंतर मी आत गेले, चोळीची बटणं सोडली आणि पाच जण घेतले. नऊ मेली, बारा वाचली. नऊ जणांना जर्दाळूखाली पुरलं. जिबेक आज शाळेत गेली नाही, जेवली नाही, “मी मारलं” एवढंच म्हणते. मी म्हटलं, माझी चूक, मी सांगितलं नाही. ती म्हणाली, “तू खूप गोष्टी सांगत नाहीस.”

एलनुरा, एक गोष्ट तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेली नाहीस. उलान मला वहिनी म्हणतो. फोनवर, पाहुण्यांत, तुझ्या लग्नात सगळ्या मांडवासमोर. माझ्या सासूने त्याला कुशीत घेतलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. माझं दूध आटायला बारा दिवस लागले. ती गेली तरी शब्द बदलला नाही. जन्मभर मी या घरात कुणाचीतरी वहिनी. मग जिबेक बोलायला लागली, चुलीसमोर, एक दात फुटलेला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, अपा. माझ्यावर जे झालं ते तुझ्यावर करताना मला ते आठवलं नसेल, असं तुला वाटतं? चांगलं आठवत होतं. तरी केलं.

मी खूप चिडले आहे. कुणावर ते ठरत नाहीये. दाखला अजून सापडला नाही.

— कुमुश असं तू म्हणालीस ना? म्हण.

१३ मे

एलनुरा,

हे पत्र असानबेक देणार नाही. ज्या हाताने दिलंय तो हात बघ, नखं नीट कापायची राहिली आहेत.

दाखला तिच्या पिशवीत आहे. सापडला असं लिहिणार होते. हरवलाच नव्हता. रजयांच्या चळतीखाली, तिच्या चिंध्यांच्या सदऱ्यात गुंडाळून ठेवला होता, तू मागायच्या आधीपासून. ट्रंक, कोठार, सगळं खोटं. काल सकाळी मी रजया खाली काढल्या तर ती बाजूला उभी. म्हणाली, “तिथे आहे ते मला माहीत होतं. मी तिथेच लपते ना लपाछपीत.” इतके दिवस पोरगी गप्प होती. मी समजत होते की मी तिच्यापासून लपवतेय.

मी तिला विचारलं. सरळ विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा, “तुला जायचंय का?” तिने खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “तू रडशील?”

“रडेन.”

“किती दिवस?”

“ते मी कसं सांगू?”

विचार करून म्हणाली, “मग मी जाते, आणि सुट्टीला येते. तू रडायचं थांबव तोपर्यंत.” तुझीच पोरगी. नाहीतर मी कशाला एवढं ऐकून घेतलं असतं!

दोन पिल्लं टोपीत घालून न्यायची होती. असानबेक म्हणाला, “बाई, माझी गाडी आहे की खुराडं?” मग तिनेच ठरवलं, शहराच्या खोलीत ऊब नसेल, राहू देत. मला कागदावर लिहून दिलंय, भिंतीला चिकटवलाय: पाणी रोज बदल. खडे धू. दिवा दर तीन दिवसांनी वीतभर वर घे, म्हणजे सवय होईल. बोलत जा त्यांच्याशी. आंघोळ नाही. शेवटच्या दोन शब्दांखाली तीन रेघा मारल्यात.

मग मी पण लिहिते. सकाळी चहात साय जास्त लागते, साखर नको. वेणी घालताना डाव्या कानामागे खाज येते, ओरडेल, ऐकू नको. गणिताची भीती आहे, ती लपवायला मस्ती करते. बूट दोऱ्याच्या दुसऱ्या गाठीपर्यंत चालतील, पुढचा दोरा तू माप. मेलेल्या नऊ पिल्लांचं ती एकाएकी काढेल, जेवताना किंवा रस्त्यात. तेव्हा विषय बदलू नको, मी बदलत राहिले, त्याने काही होत नाही. झोपेत पाय उघडे टाकते, दोनदा उठून पांघरूण घालावं लागतं. तुला तिसऱ्यांदाही जाग येईल, ती नुसती बघायला.

सदऱ्यात लाकडी चमचा गुंडाळलाय. सकाळपासून तो घालू की काढू असं माझं चाललंय, चारदा काढला. तिला सगळं सांगितलंय, तुला लेखी देते: त्या दिवशी बायकांनी मिळून एकोणचाळीस ओतले. शेवटच्या वेळी कानिम म्हणाली, “आईसाठी थांबू या, तीन दिवसांत येईल.” मी म्हटलं, “आई इथेच आहे,” आणि मी ओतला. तो हिशेबात धरू नको. आठ वर्षांच्या पोरीला टोपलीत बसवता येणार नाही, हसेल ती, तुलाही हसू येईल. तरी बसव परातीत पाय सोडून. पाणी कोपरावर तपासून घे. एकच चमचा.

— कुमुश

१४ मे

एलनुरा,

काल गाडी गेल्यावर मी घरात आले, आणि खोक्याशी बसून बोलायला सुरुवात केली, काहीबाही, सरपण, असानबेकचे टायर. बाराच्या बारा या टोकाला धावत आली. तिच्या कागदावर लिहिलंय तसं करतेय मी.

— कुमुश